पाचाचे तीस

दुसरा मोजा कुठे गेला म्हणून तो बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थबकला. अण्णा कॉम्प्युटरसमोर बसले होते. बरं, सत्तरी ओलांडलेला एक माणूस सकाळच्या वेळी आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसलेला असणं, यात थबकण्यासारखं काय आहे? पण मेंदूतली ती गुठळी अण्णांचा उजवा हात आणि निम्मी वाचा घेऊन गेली तेव्हापासून वडील त्या खुर्चीकडे फिरकलेसुद्धा नव्हते. निदान घरातल्या सगळ्यांची तशी समजूत होती. स्क्रीन काळी होती. काळ्यावर पांढऱ्या दोन ओळी, वरची नव्या सिस्टिमची, खालची जुन्या सिस्टिमची, आणि तळाशी एक आकडा. पाच. अण्णांचा उजवा हात मांडीवरून उठला. चार. हात टेबलाच्या कडेला येऊन अडला, जणू ती कड वीतभर उंच होती. तीन झाले, दोन झाले. हात कसाबसा कीबोर्डवर चढला, बोट थरथरत खाली जाणाऱ्या बाणाकडे सरकायला लागलं, आणि आकडाच संपला. वरची ओळ आपोआप निवडली गेली, नवी सिस्टिम सुरू झाली, त्याच्या मुलीने लावलेलं मांजराचं चित्र आलं. अण्णांनी डाव्या हाताने माउस धरून सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं, उजवा हात उचलून पुन्हा मांडीवर ठेवला आणि वाट बघत बसले. तो तीन वेळा हे बघत राहिला. मग, चोरी करताना सापडल्यासारखा, पाय न वाजवता मागे सरकला.

बसमध्ये उभ्याउभ्या त्याला एकदम दमल्यासारखं झालं. तसा तो हल्ली दमलेलाच असायचा. झोपून उठला तरी दमलेला, सुट्टी संपली तरी दमलेला. डॉक्टरांना विचारावं तर ते म्हणणार वय झालं, आणि सेहेचाळीस हे काय वय आहे? पण आजचं दमणं वेगळं होतं. आकडा त्याचा होता. ते पाच सेकंद त्यानेच ठेवले होते. घरातल्या त्या एकाच मशीनवर दोन सिस्टिमा होत्या. नवी त्याच्या कामासाठी आणि मुलीच्या शाळेसाठी. जुनी फक्त अण्णांसाठी, कारण अण्णांचा नकाशे काढायचा प्रोग्रॅम इतका जुना होता की नव्या सिस्टिमवर तो चालायलाच तयार नव्हता. मशीन सुरू झालं की ते विचारायचं, कुठली हवी? दहा सेकंद थांबायचं. कुणी काही बोललं नाही तर नवी. त्या दहा सेकंदांत कुठलंही बाणाचं बटण एकदा दाबलं की आकडा थांबतो, मग खुशाल दिवसभर विचार करत बसा. पूर्वी अण्णा रोज सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता ते बटण दाबायचे, आकड्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. अण्णा दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात त्याने, मशीनला आज्ञा लिहून द्यायची जी काळी खिडकी असते तिच्यात एक ओळ लिहून दहाचे पाच केले होते. कशासाठी? घरून काम करायचं होतं, वेळ वाचवायचा होता, आणि दर वेळी ते दहा सेकंद डोळ्यात खुपत होते. पाच सेकंद वाचवून माणूस असं काय मोठं करतो! पण खरं कारण तेच होतं का? बसचा दांडा धरून तो स्वतःला खोदून विचारत राहिला. अण्णा आता काही बसत नाहीत इथे, हे वाक्य त्या वेळी मनात आलं होतं की नव्हतं? आलं असावं. आलं होतंच. आणि ते मनात आल्यावर वाईट वाटलं नव्हतं, थोडं हलकं वाटलं होतं, हे त्याहून खरं.

ऑफिसात नेमका त्याच दिवशी हाच उद्योग निघाला, याला काय म्हणावं! साहेबांच्या डोक्यात आलं होतं की सगळ्या मशीनवर सकाळी येणारी ती काळी स्क्रीन आणि तो आकडा काढून टाकायचा. लोक तेवढ्यात गप्पा मारतात. मशीन चालू केलं की थेट कामाला लागलं पाहिजे. ऑफिसातली मशीनं सांभाळायचं काम त्याचं, मग तो निघाला टेबलामागून टेबल. खुर्ची मागा, काळी खिडकी उघडा, आधी यादी मागा म्हणजे ते मशीन आपली सगळी कुंडली मांडतं, कुठली सिस्टिम कुठे आहे, न सांगता कुठली उघडायची, किती वेळ थांबायचं. मग एक शब्द, एक रेघ, आणि शून्य. काम पूर्ण झाल्याची ओळ येते. उठा. पुढचं टेबल. या कामात डोकं लागत नाही, पण चुकायला जागा भरपूर. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मशीन उद्या सकाळी उठणारच नाही, आणि आज काही कळणारही नाही, कारण आता चालू असलेल्या मशीनला याची गंधवार्ता नसते. बंद होऊन पुन्हा उठायची वेळ आली की मग बोंब. टपालाच्या टेबलावरच्या बाई त्याला खुर्ची देताना म्हणाल्या, "अहो, आमचे ते पाच सेकंद तरी राहू द्या की. तेवढ्यात मी घोटभर पाणी पिते, सासूबाईंना फोन करायचा राहिला ते आठवतं, दिवसभरातलं तेवढंच काय ते माझं."

"साहेबांचा हुकूम आहे, बाई."

"साहेबांना म्हणावं, मशीनला घाई असेल, मला नाही." त्या हसल्या. तो हसला नाही. शून्य लिहिताना त्याचं बोट त्या बटणावर जरा जास्तच वेळ राहिलं. शून्य म्हणजे विचारायचंच नाही. दोन ओळी आत असतातच, खालची ओळ कुठे जात नाही, फक्त ती आहे हे कुणाला दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तरी त्याच्या डोळ्यांपुढून तो हात जाईना. टेबलाच्या कडेला अडलेला. आणि एक शंका त्याला आली, नाही असं नाही. डावा हात तर अण्णांचा धडधाकट आहे. माउस धरला तो डाव्याने. मग बाण डाव्याने का नाही दाबला? एक क्षणात झालं असतं. पण त्याचं उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकलं. जन्मभर उजव्याने काम केलेला माणूस, सुचत नसेल. मेंदूच गेलाय अर्धा, सुचणार कसं. व्यायामाच्या बाई आठवड्यातून तीनदा यायच्या, रबराचा चेंडू हातात द्यायच्या, दाबा म्हणायच्या, आणि अण्णा चेंडू पलंगावर टाकून भिंतीकडे तोंड करायचे. गेल्याच आठवड्यात बाई जिन्यात त्याला म्हणाल्या होत्या, "त्यांची इच्छाच दिसत नाही हो. मी येते, पैसे घेते, मलाच बरं वाटत नाही." त्यावर तो काय म्हणाला होता? बघू म्हणाला होता. त्याच्या घरात सध्या सगळ्याला एकच उत्तर होतं. बघू.

जिने ही अण्णांची खासियत. ज्या ऑफिसात त्यांनी नोकरी केली तिथे त्यांना जिनेवालेच म्हणायचे. इमारत कुणीही आखावी, जिना अण्णांकडे यायचा, कारण पायरीची उंची नि खोली यांचं गणित त्यांच्या पोटरीतच होतं, असं ते म्हणायचे. निवृत्तीनंतरही लहानमोठी कामं घरी चालू होती. आजारी पडले तेव्हा एका दवाखान्याचा जिना अर्ध्यावर होता. दवाखान्यावाल्यांनी चार दिवस वाट पाहून तो दुसऱ्याकडून करून घेतला, त्यांचं तरी काय चुकलं. तेव्हा त्या खालच्या ओळीच्या आत आता एक अर्धा जिना होता, ज्याची कुणालाच गरज नव्हती. आणि त्याला ते जुनं आठवलं, ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हाचं. अण्णा पन्नाशीला आले होते. बरोबरीच्यांनी टेबलं बदलून घेतली, कुणी रजेवर गेलं. अण्णांनी ऑफिसातून एक बिघडलेला माउस मागून आणला आणि रात्रीचं जेवण झालं की ताटं उचललेल्या टेबलावर तो ठेवून, कशालाही न जोडलेला तो उंदीर घेऊन, टकटक करत बसायचे. दोनदा पटकन दाबायला जमत नव्हतं ना, म्हणून. तो आणि आई आतल्या खोलीत तोंड दाबून हसायचे. आई म्हणायची, तुझ्या बापाला खूळ लागलंय. महिनाभर ती टकटक चालू होती. एके दिवशी बंद झाली, ती जमलं म्हणून, हे त्याला तेव्हा कळलंच नाही. परतीच्या बसच्या खिडकीला डोकं टेकून तो आत्ता एकटाच हसला, आणि हसण्यातून काही सुचायच्या ऐवजी त्याला अण्णांची फक्त कीव आली. कीव यायला सोपी असते. दमलेल्या माणसाला तीच परवडते.

घरी आला तेव्हा मुलगी आजोबांना खाली फिरवायला घेऊन गेली होती. बायको कामावरून नुकतीच येऊन, पर्स खांद्यावर तशीच, कणीक मळत होती. तिला दोष द्यायची सोय नव्हती. अण्णांना न्हाऊ घालण्यापासून त्यांच्या गोळ्यांपर्यंत निम्मं तीच करायची, आणि करताना चेहऱ्यावर काही दाखवायची नाही. ती म्हणाली, "रविवारी ते करणार आहेस ना? ती जुनी सिस्टिम उडवणार होतास. पोरीच्या शाळेचं आता मशीनवर मावत नाही. आणि टेबल पण आत तिच्या खोलीत घेऊ, बाहेर अण्णांच्या पलंगाभोवती जागा होईल."

"बघू."

"बघू काय, तूच म्हणाला होतास. बाहेरच्या खोलीत बसून आपण ठरवलं की."

ठरवलं होतं. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले होते तेव्हा, हलक्या आवाजात, माणूस झोपल्यावर बोलतात तसं. त्याने बूटही काढले नाहीत. तसाच मशीनसमोर बसला, काळी खिडकी उघडली आणि यादी मागितली. घरची कुंडली. दोन ओळी, पाच सेकंद. खालची ओळ कायमची पुसायची आज्ञा त्याला तोंडपाठ होती, एवढीशी आज्ञा, लिहायला पाच सेकंदही लागले नसते. ती त्याने लिहिली नाही. अण्णांचीच सिस्टिम आपोआप उघडेल असंही करता आलं असतं, पण मग मुलगी ओरडणार, आणि अण्णांना वाटणार की आपल्याला पाहिलं कुणीतरी. अण्णांना ते कळता कामा नये. कमरेतून पायजमा सुटला तर दार लोटून घेणारा माणूस तो. मग उरला आकडा. त्या हाताला मांडीपासून बाणापर्यंत किती वेळ लागतो, याचा हिशेब करताना त्याला ओशाळल्यासारखं झालं. बापाचा हात मनातल्या मनात हळूहळू उचलायचा आणि मोजायचं. बारा लागतील. पंधरा धरू. नकोच, तीस करून टाकू, मोकळेपणाने पोचू दे. त्याने तीस लिहिले. काम पूर्ण झाल्याची ओळ आली. आणि त्याला खरोखरच बरं वाटलं. किती दिवसांनी कुणासाठी काही केल्यासारखं वाटलं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली, हे सांगितलं पाहिजे.

सकाळी तो मुद्दाम स्वयंपाकघरातच रेंगाळला. चहा उकळून उतू जायला आला तरी त्याचं लक्ष बाहेरच्या खोलीत. मशीन चालू झाल्याचा पंख्याचा आवाज आला. मग शांतता. तो मनात मोजत होता, आणि मोजता मोजता देवाला काहीतरी कबूलही करून बसला. टक् असा एक आवाज झाला. आला! पोचला हात! त्याने गॅस बंद केला. आता जुन्या सिस्टिमचं ते रडकं संगीत वाजेल म्हणून तो कान देऊन उभा राहिला, पण संगीत वाजलंच नाही. खुर्ची सरकली, काठी टेकत टेकत अण्णा आले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"तीस," अण्णा म्हणाले. शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून, एक एक, ढकलल्यासारखे यायचे.

"काय तीस?" त्याने कप पुसायला घेतला.

"तूच केलेस. कशाला?"

"अहो, तुम्हाला घाई होऊ नये म्हणून. सावकाश दाबता यावं म्हणून केलं, अण्णा. आणि दाबलंत ना? ऐकलं मी."

"डाव्याने दाबलं." अण्णांनी डावा हात वर करून दाखवला, लहान पोराला दाखवावा तसा. "हा आहे मला. याने कधीच झालं असतं. पहिल्याच दिवशी." त्यांना धाप लागली. तो खुर्ची आणायला वळला तर त्यांनी काठीने थांबवलं. "आधी मांडीवरून उठत नव्हता हा. मग उठला. मग टेबल आलं. परवा बोट बाणावर टेकलं. दाबायचं राहिलं."

तो कप पुसतच राहिला. कप केव्हाच कोरडा झाला होता. "मग बाईंच्या त्या चेंडूने का नाही करत तुम्ही? त्या बिचाऱ्या..."

"चेंडू दाबून काय होतं? काही उघडत नाही." अण्णा थांबले. "इथं उघडतं."

चहावर साय धरायला लागली. अण्णा त्याच्याकडे नाही, खाली फरशीकडे बघत पुढे बोलले, आणि त्या बोलण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आधी दहा होते. पाच तू केलेस. मी म्हटलं, बरं. तर पाच. काल तू दारात होतास. स्क्रीन काळी असते, मागचं दिसतं तिच्यात. तू बोलला नाहीस, मीही नाही. पण तीस कशाला? तिसात काय कुणीही करेल. आणि रविवारी उडवताय ते. वाचा गेलीय माझी, कान नाही गेले."

"नाही उडवत, अण्णा. शपथ. मी तिला सांगतो..."

"ते तुमचं तुम्ही ठरवा. आधी पाच कर."

महिनाभर हा माणूस भल्या पहाटे उठून शर्यत लावत होता, आणि ज्याच्याशी लावत होता तो आत घोरत पडला होता. मुकाट बाहेर जाऊन त्याने काळी खिडकी उघडली. काल दिवसभर टेबलाटेबलावर लिहिलेली ती ओळ त्याला आज धड लिहिता येईना. एक अक्षर चुकलं, मशीनने अशी आज्ञा नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा रेघच राहिली. अण्णा मागे उभे होते. तिसऱ्यांदा जमलं. तिसाचे पुन्हा पाच झाले. त्याने मशीन बंद करून चालू केलं आणि खुर्ची मोकळी केली. अण्णा बसले, काठी टेबलाला टेकवली, उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर नीट ठेवला. तो बाजूलाच उभा राहिला, जायचं त्याला सुचलंच नाही. काळी स्क्रीन आली, दोन ओळी आल्या, पाच आला. हात उठला. कड. हात कडेवर अडला, चढला, कीबोर्डवर आला. दोन. बोट लांब झालं, बाणाच्या अगदी वर, तरंगत, आणि एक झाला, आणि टक् झालं. आकडा थांबला. जमलं म्हणून ओरडायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाणावर आपलंच बोट आहे. कधी गेलं, कसं गेलं, त्याला कळलंही नव्हतं. त्याच्या बोटाखेरीज बाणाला कशाचाच स्पर्श झाला नव्हता. अण्णांचं बोट तिथेच वर, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून, थरथरत होतं.

मग अण्णांनी हात परत मांडीवर घेतला. "बंद कर," ते म्हणाले. "परत लाव. आणि हात मागे बांध."

त्याने मशीन बंद करून परत लावलं. मग शाळेत फळ्याशी उभं करायचे तसे हात मागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून उभा राहिला. मांजराचं चित्र आलं. परत. पुन्हा मांजर. परत. दर वेळी त्याचे मागचे हात ओढ घ्यायचे, आणि तेव्हा त्याला कळत होतं की आपण मदत मदत म्हणतो ती निम्मी आपल्याला वाट बघवत नाही म्हणून असते. आतून बायकोची हाक आली, "अरे, बस जाईल तुझी!" त्याने ओ दिली नाही. मग ती स्वतःच आली, ओले हात झटकत, आणि दारातून तिने पाहिलं ते एवढंच, की आकडा चालू आहे, सासऱ्यांचा हात टेबलाच्या कडेला अडकलाय आणि नवरा शेजारी हात मागे बांधून ढिम्म उभा आहे. "अरे, बघतोस काय नुसता? दाबून दे ना त्यांना ते!" ती म्हणाली आणि दोन पावलांत पुढे येऊन तिने बाणाकडे हात नेला.

त्याने तिचं मनगट वरच्या वर धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "येतोय तो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या ओल्या हातातलं पाणी त्याच्या बाहीत उतरत होतं. अण्णांनी मान वळवली नाही. हात कडेवर चढला होता आणि आकडा तीन होता.